पलीकडच्या काठावरचा कर्णा

आमच्या कुरियानागीत उन्हाळा दोनच दिवसांचा असतो असं मी म्हणायचो, तेव्हा माझी बहीण हसायची. ऑगस्टच्या अखेरचे ते दोन दिवस, देवळाच्या उत्सवातल्या शोभेच्या दारूकामाचे. वर्षाचे बाकीचे दिवस मी त्या दोन दिवसांपासून लांब जात असतो, नाहीतर त्यांच्या जवळ येत असतो. फेब्रुवारी हा बरोबर मधला महिना. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलेलं असतं, दुपारीही दिवा लावावा लागतो, आणि मी जुन्या वह्या काढून बसतो.

वह्यांमध्ये एकावन्न उन्हाळे आहेत. कोणता दारूचा गोळा, किती उंच गेला, कसा उमलला, किती श्वास आकाशात टिकला. 'दुसरा दिवस. वारा ईशान्येचा, धूर साचला नाही. सोनेरी वाळुंज, सात श्वास.' वाळुंज म्हणजे झाडाच्या लोंबत्या फांद्यांसारखा खाली ओघळणारा गोळा. एवढंच लिहिलेलं असतं. पण ती ओळ वाचली की मला जळक्या फटाक्यांचा वास येतो, नदीकाठच्या ओल्या गवताचा गारवा मांड्यांना लागतो, आणि गोळा वर जाताना सगळं गाव जो श्वास धरतं तो माझ्याही छातीत धरला जातो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बर्फात बसून विझलेल्या ठिणग्या मोजतो, याला वेड म्हणतात हे मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षीची वही मात्र त्रेचाळिसाव्या गोळ्यापाशी थांबली आहे. पुढची पानं कोरी आहेत. त्या कोऱ्या पानांबद्दलच मला लिहायचं आहे, आणि ते नीट जमेल की नाही याची खात्री नाही.

आमच्याकडे गोळे उत्सवाचं मंडळ विकत घेत नाही. गावातली माणसं देवाला वाहतात. कुणाला नातू झाला, कुणी कारखान्यातून निवृत्त झालं, कुणाचे वडील गेले. गोळा उडण्याआधी वाहणाऱ्याचे चार शब्द कर्ण्यावरून वाचतात. आनंदाचे गोळे रंगीत असतात. गेलेल्या माणसासाठी एकच पांढरी शेवंती, फुलासारखा गोल उमलणारा गोळा, उडते. ती पूर्ण विझेपर्यंत दुसरं काही उडवत नाहीत, आणि काठावरची माणसं टोप्या काढून हात जोडतात.

मी एकतीस वर्षं गावच्या वाचनालयात होतो. अक्षर बरं, म्हणून मंडळ जूनमध्ये सगळे अर्ज माझ्याकडे देतं आणि मी ते वाचण्यासाठी नीट उतरवून काढतो. लोकांना लिहायची सवय नसते. कुठे शब्द राहतो, कुठे वाक्य लटकतं. मी ते दुरुस्त करतो. कर्ण्यावरून वाचणारा माझा बालमित्र तोबे या दुरुस्तीला माझ्या नावाने 'तेइजीची इस्त्री' म्हणतो.

एका अर्जाला मात्र मी कधी इस्त्री लावली नव्हती. नुकुई इने आजींचा अर्ज. त्यांचा मुलगा मित्सुहारु बावीस वर्षांपूर्वी बापाशी भांडून घरातून गेला. पहिली दोन-तीन वर्षं नव्या वर्षाची पत्रं आली, मग तीही बंद झाली. बाप वारला तेव्हाही तो आला नाही. पण इने आजी दर वर्षी त्याच्या नावाने एक रंगीत गोळा वाहायच्या आणि त्यासोबत दर वर्षी तेच वाक्य असायचं: 'मित्सुहारु, जेवतोस ना वेळेवर? आई.' तोबेने ते वाचलं की काठावर हसू पसरायचं. लहान मुलं आपल्या आयांकडे बघायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात न्हाव्याच्या दुकानात मी ऐकलं की ओसाकात नुकुई नावाचा आमच्याकडचा एक माणूस थंडीत वारला. पन्नाशीचा, एकटा राहणारा. दुकानातल्या सगळ्यांनी मान हलवली. नाव कुणी उच्चारलं नाही, गरजही वाटली नाही. आणि जूनमध्ये इने आजींचा अर्ज माझ्याकडे आला. त्यावर फक्त दोन नावं होती, वेड्यावाकड्या अक्षरांत. त्यांचं आणि मुलाचं. मजकुराची जागा कोरी होती, रंगाचा रकानाही.

मी ती कोरी जागा बराच वेळ बघत बसलो. आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला एक वाईट सवय लागते; जिथे काही लिहिलेलं नाही तिथेही त्याला वाचता येतं. मला त्या जागेत एक आई दिसली, जिच्या हातून ते वाक्य आता लिहवत नव्हतं. मला वाटलं, तिच्यावतीने मीच लिहावं, तिला विचारायला जाऊन दुखवू नये. मी लिहिलं: 'मित्सुहारु, जिथे असशील तिथे शांत राहा. आई.' आणि रंगाच्या रकान्यात लिहिलं, पांढरा. खरं सांगतो, ते वाक्य मला आवडलं होतं.

उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी त्रेचाळिसावा गोळा आला. तोबेने आवाज खाली आणून वाचलं. टोप्या निघाल्या. मी इने आजींच्या दोन चटया मागे होतो. शेवंती उमलली, फार सुंदर उमलली, अगदी गोल. त्या प्रकाशात मला दिसलं की सगळ्या काठावर एकच चेहरा वर बघत नव्हता. इने आजी इकडेतिकडे बघत होत्या. मग त्यांनी शेजारणीला विचारलं, "कोण गेलं?"

आजींनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, "अगं, मित्सुहारुचं नाव घेतलं ना? मग पांढरा का?"

मी चटई गुंडाळली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी, रीतीप्रमाणे, वाचलेले कागद देवळात जाळले. मंडळाचे अध्यक्ष आणि तोबे तांदळाच्या पापड्यांचा डबा घेऊन आजींकडे गेले आणि कागद मागेपुढे झाल्याबद्दल वाकून माफी मागून आले. ऑक्टोबरात न्हाव्याकडेच कळलं की ओसाकात गेलेला नुकुई पलीकडच्या खोऱ्यातला होता, भलताच. मी घरी आलो, शेगडी पेटवली आणि काही केलं नाही. नोव्हेंबरात काही केलं नाही. मग बर्फ पडलं, आणि बर्फ हे काही न करण्याचं चांगलं निमित्त असतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तोबे माझ्या छपरावरचं बर्फ काढायला आला. तो टोफूचं दुकान चालवतो. त्याचे हात बाराही महिने पाण्यात राहून लाल असतात. काम झाल्यावर त्याने स्वयंपाकघरात बूट काढले आणि चहाला बसला. मी मुळ्याचं लोणचं पुढे केलं.

"यंदापासून मी वाचणार नाही, तेइजी. मंडळाला सांगून आलो."

"चौतीस वर्षांनंतर?"

"पस्तिसाव्या वर्षी लाज वाटायला लागली म्हण." त्याने लोणच्याचा तुकडा मोडला. "आणि इने आजी यंदा अर्ज भरणार नाहीत. यंदाचे कोरे अर्ज परवाच वाटले. मी टोफू द्यायला गेलो तेव्हा विचारलं. म्हणाल्या, झालं आता."

मी किटली उचलली. किटलीत पाणी नव्हतं.

"अध्यक्षांना मी सांगितलं, कागद माझ्या हातून मागेपुढे झाले," तोबे म्हणाला. "झाले नव्हते. जे होतं ते मी वाचलं. आणि ते कुणाच्या अक्षरात होतं, हे काय मला कळत नाही? लहानपणी तुझाच गृहपाठ बघून लिहायचो मी."

"तू कधी बोलला नाहीस."

"मी? मी बोलायचं? सहा महिने तुझ्या तोंडाकडे बघतोय. शुक्रवारी टोफू द्यायला येतो, तू दार उघडतोस, म्हणतोस आज थंडी फार. म्हटलं, आज बोलेल. पुढच्या शुक्रवारी, वारा फार. गाढवा, हवामान काय मला रेडिओवर ऐकू येत नाही?"

मी खाली बघत होतो. माझे कान गरम झाले होते. या वयातही ते होतात. मी म्हणालो, "मला वाटलं होतं, मी तिला मदत करतोय."

"हे मला नको सांगूस." तोबे उठला आणि बूट चढवू लागला. "मला सांगून काय उपयोग? मी काय आई आहे त्याची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. इने आजींचं घर पुलाच्या अलीकडे, दहा मिनिटांवर. मला अर्धा तास लागला. दर दोन पावलांवर मी वाक्य बदलत होतो, आणि दारात पोचलो तेव्हा माझ्याकडे एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

"वाचनालयवाले! आत या, दार लावा आधी, ऊब बाहेर चालली." शहाऐंशी वर्षांच्या इने आजी खाली शेगडी आणि वर रजई असलेल्या बुटक्या टेबलात पाय घालून बसल्या होत्या. पुढ्यात सुकवलेली तेंदूफळं होती. "पुस्तक परत मागायला आलात की काय? मी नेलेलं नाही हो काही."

मी गुडघ्यांवर बसलो आणि कपाळ चटईला टेकवलं. त्या स्थितीत बोलणं सोपं गेलं, कारण त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी सगळं सांगितलं. न्हाव्याच्या दुकानातली बातमी, कोरी जागा, माझं वाक्य, पांढरा रंग. ओसाकातला माणूस दुसराच होता हेही सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उठून बसा. चटईशी बोलताय का माझ्याशी?"

मी बसलो.

"म्हणजे तेव्हा सगळ्या गावाला वाटत होतं की तो गेलाय."

"हो."

"म्हणून जुलैत सगळे कलिंगडं घेऊन येत होते!" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आठ कलिंगडं आली. मला वाटलं, माझं मनगट मुरगळलंय म्हणून. मी एकटी बाई, आठ कलिंगडं कशी खाणार? तरी खाल्ली. लोकांचं मन राखायला खाल्ली."

"मनगट?"

"लिहिता येत नव्हतं म्हणून तर कोरं दिलं. म्हटलं, वीस वर्षं तेच आहे, त्यांना पाठ असेल." त्यांनी एक फळ उचललं आणि पुन्हा ठेवलं. "तुम्हाला पाठ नव्हतं?"

"होतं."

"मग?"

मी चटईची किनार बोटांनी सरळ करत राहिलो.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी तो गोळा देवाला वाहत नव्हते. देवाला काय सांगायचं ते मी घरी सांगते. मी त्याला हाक मारत होते. लहानपणी तो दारूकामाच्या कोठारापाशी पडलेला असायचा. जेवायला म्हणून ओढून आणावा लागायचा. तुमच्यासारखाच वेडा. असं वेड असलेला माणूस कुठेही गेला तरी एखाद्या उन्हाळ्यात परत येतो, गुपचूप, गर्दीत. तुम्ही नसतात आलात?"

"आलो असतो."

"मग समजा, तो गेल्या वर्षी आला होता. पहिल्यांदा. आणि त्याने ऐकलं की आईने त्याला मेला म्हणून सोडून दिलं." त्यांचा हात टेबलावर सपाट पडलेला होता. "तुम्ही त्याच्या जागी असतात तर पुन्हा आला असतात?"

मला 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हणण्यासाठीच मी तोंड उघडलं. पण एकदा मी त्यांच्यासाठी छान वाक्य केलं होतं, दुसऱ्यांदा माझ्याने ते झालं नाही.

"नसतो आलो," मी म्हणालो.

इने आजींनी मान हलवली, जणू हिशेब जुळला. "म्हणूनच अर्ज भरत नाहीये. आता कुणाला हाक मारू?"

किटलीची वाफ जोरात येत होती. कुणी उठलं नाही. मी त्या माणसाचा विचार करत होतो. पन्नाशीचा, बावीस वर्षांनी गावात आलेला, ओळखला जाऊ नये म्हणून धडपडणारा. तो काठावर चटया घालून बसलेल्या शेजाऱ्यांमध्ये येईल का? मी त्याच्या जागी स्वतःला ठेवलं. हे मला जमतं, कारण गर्दीत कुठे बसलं म्हणजे आपण कुणाला दिसत नाही, याचा मी आयुष्यभर अभ्यास केला आहे.

"इने आजी," मी म्हणालो, "तो इकडे बसणार नाही. पलीकडच्या काठावर, जुन्या नावेच्या धक्क्यापाशी बसेल. तिथे बोरूचं उंच रान माजलंय, दिवा नाही. धूर तिकडे जात नाही, म्हणून माझ्यासारखी चार-पाच खुळी माणसं तिथे असतात. मी तरुणपणी तिथेच बसायचो. कुणी कुणाशी बोलत नाही. तोंड लपवायचं असेल आणि दारूकाम नीट बघायचं असेल, तर कुरियानागीत तेवढी एकच जागा आहे."

"बरं, मग?"

"तिथे कर्णा ऐकू येत नाही. सगळे कर्णे अलीकडे तोंड करून लावलेले असतात. पलीकडे नुसती गुणगुण पोचते. माणूस बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी त्यांच्या तोंडावर काहीतरी सैल झालं, आणि मग तेच पुन्हा आवळलं गेलं. मी काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं.

"म्हणजे गेल्या वर्षीचं त्याने ऐकलं नसेल," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि त्याच्या आधीचंही काहीच ऐकलं नसेल."

"हो."

"वीस वर्षं मी अलीकडच्या लोकांना विचारत होते, जेवलात का."

त्या हसल्या. मला वाटतं हसल्याच. मग त्यांनी डोळे पुसले आणि फळांची थाळी बाजूला सारली. "अर्ज आणलाय?"

आणला होता. कोटाच्या आतल्या खिशात, का कोण जाणे.

"तुम्ही लिहा. माझं मनगट अजून नीट नाही. पण एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. सुंदर करायचं नाही. कळलं?"

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. 'मित्सुहारु, गेल्या वर्षीचं ऐकलं असशील तर ते खरं नाही. ऐकलं नसशील तर उत्तमच. जेवतोस ना वेळेवर? आई.'

"यात लिहू का, की चूक कुरेबायाशी तेइजीने केली?" मी विचारलं.

"कशाला? त्याला तुमचं काय करायचंय? हलकं व्हायचं असेल तर स्वतःचा गोळा वाहा. माझ्या गोळ्यावर बसू नका." त्यांनी रंगाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "तांबडा लिहा. मोठा. आणि पलीकडे कर्णा लावा."

"ते मंडळ ठरवतं."

"मग मंडळाशी बोला! बोलता येतं ना तुम्हाला? आत्ता तासभर बोललात की."

मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि एकावन्न उन्हाळ्यांत पहिल्यांदाच. आधी गेल्या वर्षीचं सांगितलं, मग कर्ण्याचं. मधे एकदा मी तेच वाक्य दोनदा बोललो. कुणी ओरडलं नाही. अध्यक्ष बराच वेळ छताकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, तार पुलावरून न्यावी लागेल, पोचते का ते बघू. इतरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. नंतरही बरेच दिवस टाळत होते. तोबे मात्र म्हणाला, "त्या कर्ण्यावर बोलायला माणूस लागेल. मी आहे."

मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही तो लावून पाहिला. बर्फ अजून मांडीपर्यंत होतं आणि वरून बारीक पडतही होतं. मी पुलावरून पलीकडे गेलो आणि बोरूंमधून वाट काढत धक्क्यापाशी उभा राहिलो. अलीकडचा काठ धूसर दिसत होता; माणसं, खांब, सगळं एकाच राखी रंगाचं. ऑगस्टला पाच महिने होते. दर वर्षी या सुमाराला मी मनातल्या मनात गोळे उडवू लागतो, पण त्या दिवशी वर आकाशाकडे माझं लक्षच गेलं नाही. मी बोरूंतल्या त्या जागेकडे बघत होतो, जिथे एक माणूस बसू शकेल, पाय पोटाशी घेऊन.

कर्णा खरखरला. मग तोबेचा आवाज आला, नदीवरून, एकेक शब्द वेगळा.

"मित्सुहारु, गेल्या वर्षीचं ऐकलं असशील तर ते खरं नाही..."

शेवटपर्यंत स्पष्ट आलं. बर्फात आवाज घुमत नाही. येतो आणि तिथेच संपतो. मी हात वर केला. तोबेने थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी दोन्ही हात हलवले. त्याला पडत्या बर्फातून मी दिसत नव्हतो. तो तिसऱ्यांदा सुरू करणार, एवढ्यात मी तोंडाशी हात नेले. नदीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आवाज आधी फाटला. मग निघाला.

"ऐकू येतंय!"